खेड्यातल्या माणसाचा पुढारी : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

आपल्या घरात भिंतीवर तथागतांची प्रतिमा असते, शेजारी बाबासाहेबांची असते. काही जुन्या घरांत, विशेषतः नाशिक, नगर आणि खानदेशाकडच्या घरांत, आणखी एक तसबीर दिसते. साधा पोशाख, खेड्यातल्या कर्त्या माणसाचा भारदस्त चेहरा. शाळेतल्या मुलांना हे कोण म्हणून विचारले तर पुष्कळदा उत्तर येत नाही. घरातल्या आजीला विचारले तर ती लगेच सांगते की हे दादासाहेब, यांच्या शब्दावर तुझे आजोबा तुरुंगात गेले होते.

दोन पिढ्यांच्या या उत्तरांत जे अंतर पडले आहे ते फार मोठे आहे. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना बाबासाहेबांचे चरित्र माहीत असते. परंतु बाबासाहेबांचा शब्द खेड्यातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत कोणी नेला, आणि दीक्षा घेतल्यावर त्या झोपडीत दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटणार याची काळजी कोणी वाहिली, हे त्यांना सांगितले जात नाही. ती काळजी वाहणाऱ्या माणसाची ही हकिकत आहे.

आंबे गावचा भाऊराव

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी, महार कुटुंबात झाला. त्या काळचा महारवाडा कसा असे हे आजच्या मुलांना सांगावे लागते. गावाच्या कडेला वस्ती. पाणवठा निराळा. देवळाची पायरी निषिद्ध. आणि सर्वांच्या वर वतनाचे जोखड.

वतन हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो गळ्यातला फास होता. गावाची राखण, सरकारी टपालाची नेआण, चावडीवर माणसे बोलावून आणणे, अंमलदाराच्या घोड्याची देखभाल, लाकूडफाटा, परगावी मयताचा सांगावा पोहोचवणे, मेलेले ढोर ओढणे, अशी न संपणारी कामे महाराच्या माथी असत. दिवस पाहायचा नाही, रात्र पाहायची नाही. येसकराची काठी एकाच्या हाती असली तरी आजारी पडल्यास घरातल्या दुसऱ्याने ते काम करायचे. त्याच्या मोबदल्यात जमिनीचा लहानसा तुकडा आणि बलुते. तो तुकडाही भावकीत वाटला जाऊन एकेकाच्या वाट्याला काही गुंठेच येत. बलुते मागायला खळ्यावर हात पसरून उभे राहावे लागे. म्हणजे कष्ट करून वर भिकाऱ्याची अवकळा.

भाऊरावांनी हे सारे जवळून पाहिले. त्यांना विश्वविद्यालयाची पदवी मिळाली नाही. परंतु गावगाड्याची एकेक खुंटी त्यांना ठाऊक होती. कोणत्या गावात किती पडीक जमीन आहे, पाटील कोणत्या तऱ्हेने वागतो, तलाठ्याच्या दप्तरात काय लिहिलेले असते आणि शेतावर काय घडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. तरुणपणीच ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि मृत्यूपर्यंत तिच्यातून बाहेर पडले नाहीत.

काळाराम मंदिराचा दरवाजा

दादासाहेबांचे नाव महाराष्ट्रभर झाले ते नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने. सत्याग्रह समितीचे चिटणीस तेच होते. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार माणसे नाशकात जमली. मिरवणूक जवळजवळ एक मैल लांब होती. मंदिराचे दरवाजे बंद होते, म्हणून मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली व तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, सव्वाशे पुरुष व पंचवीस स्त्रिया अशी पहिली तुकडी मंदिराच्या दारांशी जाऊन बसली.

ज्या बाईने आयुष्यात कधी गावाच्या मुख्य रस्त्यावरून ताठ मानेने चालून पाहिले नव्हते, ती पोलिसांच्या पहाऱ्यासमोर मंदिराच्या दाराशी बसली, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. पंधरा हजार माणसे एका दिवसात जमत नाहीत. त्यासाठी गावोगाव पायपीट करावी लागते, लोकांच्या शिध्याची व्यवस्था लावावी लागते, घाबरलेल्या म्हाताऱ्यांना धीर द्यावा लागतो, चिडलेल्या तरुणांना आवरावे लागते. अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन हे काम चिटणीस भाऊराव गायकवाड यांनी केले.

९ एप्रिल १९३० रोजी रामाच्या रथाची मिरवणूक होती. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा असा समझोता झाला होता. तो ऐन वेळी मोडला गेला. रथ पळवून नेण्यात आला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. पुष्कळांची डोकी फुटली. पुढे मंदिर जवळजवळ वर्षभर बंद ठेवण्यात आले.

शहरातला हा मार लवकर दिसतो, वर्तमानपत्रांत छापला जातो. खेड्यातला मार दिसत नाही. नाशिकच्या सत्याग्रहाचा सूड खेड्यापाड्यांत घेतला गेला. अस्पृश्यांच्या मुलांना शाळेतून काढण्यात आले. त्यांचे रस्ते अडवले गेले. वाण्याने मीठमिरची देणे बंद केले. बाबासाहेब त्या वर्षाच्या ऑक्टोबरात गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले. सत्याग्रह चालू ठेवण्याचा आणि त्यापायी नाडलेल्या खेड्यांना तगवण्याचा भार नाशिकच्या मंडळींवर, मुख्यतः दादासाहेबांवर पडला. हा लढा १९३५ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ चालला. पाच वर्षे गरीब माणसाला एका लढ्यात टिकवून धरणे ही काही भाषणाने होणारी गोष्ट नव्हे.

या काळात बाबासाहेब व दादासाहेब यांच्यात सतत पत्रव्यवहार असे. दादासाहेबांनी ती पत्रे जिवापाड जपली आणि पुढे ती ग्रंथरूपाने छापली गेली. १९३४ च्या रामनवमीला सत्याग्रह करावा की नाही असा प्रश्न आला तेव्हा ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेले पत्र फार महत्त्वाचे आहे. आपल्या लोकांना मूर्तिपूजक बनवावे किंवा देवळात गेल्याने ते समान होतील, या समजुतीने हा लढा सुरू केलेला नव्हता. त्यांच्यात चैतन्य यावे व आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी हा हेतू होता, आणि तो साधला आहे. आता शक्ती राजकारण व शिक्षण यांवर लावावी, असा त्या पत्राचा आशय होता.

दादासाहेबांच्या जागी दुसरा कोणी असता तर दुखावला असता. ज्या लढ्यासाठी चार वर्षे रक्त आटवले तो थांबवा असे सांगितले जात होते. परंतु त्यांनी तो विचार पचवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांच्याच जिल्ह्यात येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि काळारामाच्या दारावरचा सत्याग्रह संपला. ज्या दारासाठी एवढे झगडलो, त्या दाराकडे पाठ फिरवण्याचे बळ त्या झगड्यातूनच आले होते. पुढे १९४७ च्या कायद्याने मुंबई प्रांतातील देवळे सर्वांना खुली झाली. तोपर्यंत आपल्या लोकांची वाट बदलली होती.

वतनाचे जोखड

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले. आंबे गावचा महाराचा मुलगा कायदे करणाऱ्या सभागृहात बसला. परंतु तेथेही त्यांचे लक्ष खेड्याकडेच राहिले.

बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी बिल आणले होते. ते संमत झाले नाही. वतनी जमिनीवर जुडी नावाचा सारा घेतला जाई आणि वर फुकटची चाकरीही करावी लागे. डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत वतनदारांची मोठी परिषद झाली आणि या अन्यायाविरुद्ध आवाज उठला. नाशिक-नगर भागातील या चळवळीत दादासाहेब अग्रभागी होते.

वतन सोडा असे सांगणे सोपे नव्हते. आमच्यातल्याच म्हाताऱ्या माणसांना वतन हा मान वाटे. ते गेले तर हाडकी-हाडवळ्याची जमीन जाईल, बलुते जाईल, मग खायचे काय, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. शहरातून आलेल्या वक्त्याने सांगितले असते तर त्यांनी ऐकून सोडून दिले असते. दादासाहेब त्यांच्यातलेच होते. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत, त्यांच्या ओट्यावर बसत. म्हणून त्यांचे पटे.

अखेर १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला व तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. चाकरीचे बंधन कायद्याने तुटले. जमिनी ठरावीक रक्कम भरून मूळ वतनदारांच्या नावे करून देण्याची तरतूद झाली. या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. अज्ञानापायी आणि गरजेपायी कितीतरी कुटुंबांनी कोऱ्या कागदावर अंगठे दिले आणि बापजाद्यांनी वेठ करून राखलेली जमीन कवडीमोलाने घालवली.

दीक्षेनंतरचा दिवस

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. दुसऱ्याच दिवशी दादासाहेबांनी पंचावन्नाव्या वर्षात पाऊल टाकले. बाबासाहेबांच्या मार्गाने तेही बुद्धाला शरण गेले. परंतु दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे परिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी चितेच्या साक्षीने भदंत आनंद कौसल्यायन यांनी तेथे जमलेल्या प्रचंड जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली.

त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव दीक्षेचे सोहळे झाले. लोकांनी घरातले देव काढले, मेलेली ढोरे ओढणे बंद केले, येसकरकी टाकली. बावीस प्रतिज्ञा केवळ उच्चारल्या असे नाही, तर त्या जगायला सुरुवात केली. आणि मग गाव उलटले. बलुते बंद झाले. रोजंदारीवर बोलावणे बंद झाले. पाणी अडवले, गुरांची वाट अडवली. धम्माने ताठ केलेली मान पोटाच्या मार्गाने वाकवण्याचा हा डाव होता.

दादासाहेबांनी हा डाव ओळखला. ज्याच्या मालकीची एक गुंठाही जमीन नाही तो ज्याच्या शेतावर राबतो त्याच्यासमोर किती दिवस ताठ उभा राहील? माणसाने ढोरे ओढू नयेत असे सांगायचे तर त्याला नांगर धरायला जमीन दिली पाहिजे. धम्म आणि जमीन या त्यांच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या.

हा विचार बाबासाहेबांपासूनच आलेला होता. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी दोन दुःखे बोलून दाखवली होती, असे सांगितले जाते. एक, शिकलेली माणसे नोकरीत रमली आणि समाजाला विसरली. दुसरे, खेड्यातल्या भूमिहीन मजुरासाठी आपण काही करू शकलो नाही. पहिल्या दुःखाचे उत्तर आपण शिकलेल्यांनी द्यायचे आहे. दुसऱ्या दुःखाचे उत्तर देण्यासाठी दादासाहेबांनी उरलेले आयुष्य खर्च केले.

पडीक जमीन कसणाऱ्याला

१९५३ साली मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने भूमिहीनांचा सत्याग्रह केला होता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी फेडरेशनच्या जागी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. खासदार झाल्यावर माणूस दिल्लीचा होतो. दादासाहेब खेड्याचेच राहिले. १९५९ साली त्यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा, खानदेश, नाशिक व नगर या भागांत भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. सरकारी पडीक जमीन व गायराने भूमिहीनांना द्यावीत ही मागणी होती. लोकांनी पडीक रानात नांगर घातले, अटका करवून घेतल्या, तुरुंग भरले. या लढ्यात केवळ बौद्ध नव्हते. इतर जातींचे भूमिहीन आणि आदिवासीही होते. पोट सगळ्यांना सारखेच असते, म्हणून लढाही सगळ्यांचा असावा, असे दादासाहेबांचे धोरण होते.

१९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेचे सभासद होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांचे निवेदन दिले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, कसणाऱ्याला जमिनीची मालकी द्यावी, पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, धान्याचे वाटप नीट करून भाववाढ रोखावी, झोपडपट्ट्यांची स्थिती सुधारावी, किमान वेतन कायदा अमलात आणावा, बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू ठेवाव्यात, दलितांचा छळ थांबवावा, अस्पृश्यता गुन्हा कायद्याखाली न्याय मिळावा आणि नोकऱ्यांतील राखीव जागा १९७० पर्यंत भरून काढाव्यात, अशा त्या मागण्या होत्या.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी. तीत तैलचित्राचा अभिमान आहे आणि भाकरीचा हिशेबही आहे. शहरातला झोपडीवासी आहे आणि खेड्यातला मजूरही आहे. धान्याचे भाव हा तर प्रत्येक जातीच्या गृहिणीचा प्रश्न.

६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, पंजाब अशा अनेक राज्यांतून माणसे पुढे आली. १९६५ च्या आरंभापर्यंत तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. बाया कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. तुरुंगात जागा पुरेना. स्वतंत्र भारतातला भूमिहीनांचा एवढा मोठा लढा क्वचितच झाला असेल, आणि तरीही शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मी तो शिकलो नाही.

सरकारने मागण्या मान्य केल्या, पण अंमलबजावणी रेंगाळली. बाबासाहेबांचा पुतळा संसदेच्या आवारात १९६७ साली उभा राहिला. मध्यवर्ती सभागृहातले तैलचित्र १९९० साली लागले. बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क केंद्राच्या कायद्याने मिळाले तेही १९९० साली. म्हणजे दादासाहेबांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांहून अधिक काळाने.

धोतर आणि पाटलोण

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. चरित्र लिहिताना ती झाकली तर नव्या पिढीचे नुकसान होईल.

रिपब्लिकन पक्ष स्थापन होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच त्यात फूट पडली. बॅरिस्टर-वकिलांच्या तोलाचे, कायद्याचे उत्तम जाणकार असलेले ॲडव्होकेट बी. सी. कांबळे यांचा एक गट निराळा झाला. त्याने स्वतःला दुरुस्त म्हणवले, त्यामुळे दादासाहेबांचा गट नादुरुस्त ठरवला गेला. जमिनीचा लढा म्हणजे साम्यवाद्यांचा मार्ग, बाबासाहेबांचा मार्ग राज्यघटनेचा, असा त्या गटाचा आक्षेप होता. विचारांचा मतभेद समजू शकतो. परंतु त्याच्याबरोबर दुसरेही बोलले गेले. दादासाहेब शिकलेले नाहीत, धोतर नेसणारे खेडवळ पुढारी आहेत, त्यांना काय कळते, अशी हिणवणी झाली.

ज्या समाजाला शतकानुशतके अडाणी म्हणून हिणवले गेले, त्या समाजातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने आपल्याच वडीलधाऱ्याला अडाणी म्हणावे, यासारखे दुसरे दुर्दैव नाही. हे लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवत नाही. मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात असताना मित्र घरी आले की धोतर नेसलेल्या आजोबांना मी आतल्या खोलीत बसायला सांगत असे. ते काही न बोलता उठून जात. १९६४ च्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले होते हे मला त्यांच्या मृत्यूनंतर जलदानविधीला आलेल्या गावकऱ्यांकडून कळले. ज्या फीच्या सवलतीवर मी पदवी घेतली, ती सवलत त्या दहा मागण्यांतली एक होती. आजोबांची क्षमा मागायची माझी वेळ निघून गेली. वाचकांपैकी ज्यांची गेलेली नाही त्यांनी ती दवडू नये.

दादासाहेबांनी मात्र शिक्षणाचा कधी दुस्वास केला नाही. नाशिकच्या शांताबाई दाणी या शिकलेल्या तरुणीला त्यांनी चळवळीत आणले, तिच्यावर जबाबदाऱ्या टाकल्या, सभांतून बोलते केले. त्या काळात दलित समाजातील स्त्रीला व्यासपीठावर बरोबरीने बसवणे ही मोठी गोष्ट होती. शांताबाई पुढे फार मोठ्या कार्यकर्त्या झाल्या. ज्याला स्वतःला पदवी मिळाली नाही त्याने पदवीची किंमत ओळखली. ज्यांना पदवी मिळाली त्यांतल्या काहींना मात्र त्याच्या शहाणपणाची किंमत ओळखता आली नाही.

दादासाहेबांचे सर्वच निर्णय बरोबर ठरले असे म्हणता येणार नाही. अखेरच्या वर्षांत त्यांच्या गटाने काँग्रेसशी निवडणुकीचा समझोता केला. त्यामुळे पक्षाची धार बोथट झाली, कार्यकर्ते पदांच्या मागे लागले, अशी टीका झाली, आणि ती अगदी निराधार नव्हती. पक्ष एकसंध ठेवणेही त्यांना जमले नाही. आपल्या धम्मात कोणी माणूस चुकांच्या पलीकडे नसतो. आपण कोणाला देव करत नाही, म्हणून त्यांच्या चुकाही आपण मोकळेपणाने पाहाव्यात आणि त्यांच्या कामाचे वजनही त्याच तराजूत पाहावे.

अखेर

१९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. परंतु लोकांनी त्यांना त्याआधीच कर्मवीर म्हटले होते आणि तेच नाव टिकले. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्ली येथे, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षानंतर काही आठवड्यांनी, ते कालकथित झाले. दिंडोरी तालुक्यातल्या महारवाड्यापासून सुरू झालेला प्रवास देशाच्या राजधानीत थांबला. खेड्यातली हजारो कुटुंबे पोरकी झाली. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, पुढाऱ्यांच्या गटबाजीला कंटाळलेल्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली. एक पर्व संपून दुसरे सुरू झाले.

त्यांच्या लढ्याचे काय झाले? ते सारे वाया गेले असे समजू नये. महाराष्ट्रात १९६१ साली जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा झाला. १९९१ साली शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. २००२ साली भारतीय टपाल खात्याने दादासाहेबांचे तिकीट काढले. आणि २००४ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्याच नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ही योजना आहे. आरंभी निम्मे अनुदान व निम्मे कर्ज असे, २०१८ पासून पूर्ण अनुदान करण्यात आले. ठरवलेल्या भावात जमीन विकायला कोणी पुढे येत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी ही योजना कागदावर राहते. तरीही आपल्या गावात कोणते कुटुंब पात्र आहे, कोणी अर्ज केला, कोणाचा अर्ज पडून आहे, याची चौकशी आपण करतो काय? ज्याला लिहिता-वाचता येते त्याने ज्याला येत नाही त्याचा अर्ज भरून द्यावा. दादासाहेबांच्या जयंतीला तसबिरीला हार घालण्यापेक्षा त्यांना हे अधिक आवडले असते.

नव्याने धम्मात आलेल्या बांधव-भगिनींना एवढेच सांगायचे आहे. त्रिशरण-पंचशील घरात रोज म्हणावे, मुलांना शिकवावे. त्याचबरोबर घरातल्या वृद्ध माणसाला एकदा जवळ बसवून विचारावे की तुम्ही कोणत्या सत्याग्रहात होतात, कोणत्या तुरुंगात होतात, गावाने पाणी तोडले तेव्हा कसे जगलात. ते जे सांगतील ते वहीत लिहून ठेवावे. तथागतांनी सिगालाला शिकवलेल्या खऱ्या दिशावंदनात आईवडिलांची सेवा येते. आपल्या वडीलधाऱ्यांनी जमिनीसाठी, मानासाठी आणि धम्मासाठी एकाच श्वासात लढा दिला. तो लढा ज्याच्या शब्दावर दिला त्या कर्मवीर दादासाहेबांना विनम्र अभिवादन.

जयभीम.